नव्या पुस्तकाच्या कॅसेटी

माझी नजर एका दिवसात गेली नाही. आधी संध्याकाळ गेली. दिवेलागणीच्या वेळी शाळेतून परतताना मी उभ्या सायकलींवर आदळायला लागलो. मग दोन्ही बाजू गेल्या. समोरचं तेवढं दिसायचं, तेही नळीतून बघावं तसं. मुंबईच्या डॉक्टरांनी डोळ्यांत बराच वेळ उजेड पाडला आणि आतला पडदा सुकत चाललाय, त्यावर औषध नाही, असं सांगितलं. कामधंदा काय करता, असं त्यांनी विचारलं.

"शिक्षक आहे. दहावीला इंग्रजी शिकवतो."

"मग वाचायचं ते आत्ता वाचून घ्या," डॉक्टर म्हणाले.

तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो. नोकरी रोह्याच्या एका शाळेत, बिऱ्हाड वरसे गावात. आम्हाला मूलबाळ नव्हतं. घरात मी आणि बायको. ती पेणच्या पलीकडच्या, खाडीकाठच्या गावातली. तिच्या माहेरी मिठागर होतं आणि सातवीनंतर तिची शाळा सुटली होती. मुंबईहून परत येताना एस.टी.त मी तिला एकच गोष्ट सांगितली, की हे कोणाला कळता कामा नये. कळलं तर नोकरी जाईल. ती "व्हय" म्हणाली आणि तिने तो शब्द पाळला.

पुढची दोन-अडीच वर्षं मी शाळेत दिसत असल्याचं नाटक केलं. ते जमलं, कारण पुस्तक जुनं होतं. तेच पुस्तक मी इतकी वर्षं शिकवलं होतं, की कुठल्या पानावर कुठलं चित्र आणि कुठली ओळ पान उलटल्यावर पुरी होते, हे मला पाठ होतं. पुस्तक हातात उघडं धरायचं आणि बरोबर जागी पान उलटायचं. फळ्यावर डावा हात टेकवून त्याच्या आधाराने ओळ सरळ ठेवायची. चाचणीचे पेपर मुलांनाच एकमेकांत बदलायला लावायचे, उत्तरं मी सांगायची आणि खुणा त्यांनी करायच्या. मुलांना हे आवडायचं. सहकाऱ्यांना वाटायचं, सर काहीतरी नवीन पद्धत वापरतात.

सकाळी बायको शाळेच्या कोपऱ्यापर्यंत माझ्यासोबत यायची. रोज काहीतरी कारण लागायचं. भाजी आणायचीय, पोस्टात जायचंय, दळण टाकायचंय. वाटेत ओळखीचं कोणी भेटलं की ती ते कारण सांगायची आणि मी घड्याळाकडे बघितल्यासारखं करायचो.

मग एका जूनमध्ये दहावीचं पुस्तक बदललं.

बदलणार हे आधी माहीत होतं. तरीही नवं पुस्तक हातात आलं तेव्हा मी ते नुसतं चाचपत बसलो. कोऱ्या कागदाचा वास येत होता आणि आतलं एकही अक्षर मला माहीत नव्हतं. इंग्रजी वाचून दाखवायला कोणाला तरी सांगायचं, म्हणजे गुपित फोडायचं. राहिली बायको. तिला एबीसीडी येत होती, त्यापुढे नाही.

"मी एकेक अक्षर सांगते," ती म्हणाली. "तुम्ही शब्द लावा."

तसंच सुरू झालं. दुपारची भांडी झाली की ती पुस्तक मांडीवर घेऊन बसायची. टी, एच, ई. ओ, एल, डी. एम, ए, एन. मी मनात अक्षरं जोडायचो, शब्द लावायचो, वाक्य धरून ठेवायचो. वाक्याच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात निसटून जायची आणि मग पुन्हा पहिल्यापासून. तिला बी आणि डी यांतला फरक चटकन कळायचा नाही. मी चिडायचो. एकदा मी म्हणालो, "एवढं साधं अक्षर ओळखता येत नाही तुला?" तिने पुढचं अक्षर वाचलं. एका पानाला दुपार पुरत नव्हती.

त्या पुस्तकात एका म्हाताऱ्याचा धडा होता. त्याची बकरी हरवलेली असते आणि तो ती शोधायला नदीपलीकडे जातो. बायकोने मला तो आठवडाभर वाचून दाखवला. म्हातारा नदीकाठी येतो, आणि पुढच्या पानावर तो पलीकडच्या बाजारात असतो. मधलं काही नव्हतं. मला वाटलं, लेखकाने गाळलं असेल. वर्गात शिकवताना मी माझ्या मनाने जोडून दिलं, की म्हातारा पूल ओलांडून पलीकडे गेला.

खिडकीकडच्या रांगेतून एका मुलीचा आवाज आला. "सर, पूल तर मोडलेला असतो ना? तो होडीतून जातो."

मुलगी हुशार होती. आतल्या गावातून, भातशेतीवाल्या घरातून चालत यायची. कधी फाजील बोलणारी नव्हती.

"पुस्तकात बघ नीट," मी म्हणालो.

"बघूनच सांगते, सर. होडीवाला त्याला बकरीबद्दल सांगतो. दोन पानं आहेत त्याचीच."

माझ्या हातात पुस्तक उघडं होतं, आणि साठ मुलं माझ्याकडे आणि त्या पुस्तकाकडे बघत होती, हे मला न दिसताही कळत होतं. त्या क्षणी मी काहीही म्हणू शकलो असतो. माझं चुकलं म्हणालो असतो तरी भागलं असतं. पण मला वाटलं, आता सगळं उघडं पडणार. मी ओरडलो, "उलट उत्तर देतेस? बाहेर उभी राहा."

ती बाहेर गेली आणि तास संपेपर्यंत व्हरांड्यात उभी राहिली. आत मी काय शिकवलं ते मला आठवत नाही.

घरी येऊन मी बायकोला तो धडा काढायला सांगितला. तिने पानं चाचपली. नव्या पुस्तकाची दोन पानं वरच्या कडेला जोडलेलीच राहिली होती, कापायची राहून गेली होती. तिने सुरी आणून ती सोडवली आणि वाचायला लागली. बी, ओ, ए, टी. मी तिला थांबवलं. म्हटलं, आज नको.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला काही बोललो नाही. तिच्याकडे बघून हसलोही नाही, कारण ती नेमकी कुठे बसलीय हे मला दिसत नव्हतं. तिनेही त्यानंतर वर्गात तोंड उघडलं नाही.

भाद्रपदात बायको चार दिवस माहेरी जाऊन आली. परत आली आणि हातपाय धुवायच्या आधीच म्हणाली, "पेणला तुमची एक जुनी विद्यार्थिनी भेटली. रामवाडीत कॉम्प्युटरचा क्लास काढलाय तिने. तिचा नवरा डोलवीला कंपनीत हाय. ती म्हणते, तिच्याकडचं मशीन इंग्रजी वाचून दाखवतं. मोठ्याने."

"हा विषय निघालाच कसा?"

"मी सांगितलं तिला."

"काय सांगितलंस?"

"तुम्हाला दिसत नाय ते."

मला इतका राग आला की मी उठून उभा राहिलो. "तुला बजावलं होतं मी."

"बजावलं होतं. पण न सांगता तिला कळणार कसं?" ती म्हणाली. "आणि ती कोणाला बोलायची नाय. पाय धरते म्हटलं मी तिला, तर रडायलाच लागली."

पुढच्या रविवारी आम्ही सकाळच्या गाडीने पेणला गेलो. क्लास म्हणजे हायवेच्या अलीकडे एका इमारतीतली वरची खोली. खाली गणपतीचा कारखाना, तो सण संपल्यामुळे सुनसान. विद्यार्थिनी दारात आली, वाकून पाया पडली आणि माझा हात धरून मला खुर्चीवर बसवलं. आता ती तिशीची बाई होती, पण आवाज तोच.

"सर, आवाज जरा विचित्र आहे हं," ती म्हणाली. "आणि वाचायला आधी आत टाइप करावं लागतं. मी एक परिच्छेद करून ठेवलाय."

तिने कळ दाबली. स्पीकरमधून पुरुषाचा आवाज आला. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलावं तसा. शब्दांना चढउतार नव्हता आणि श्वास कुठेच नव्हता. पण तो वाक्य सुरू करायचा आणि संपवायचा. म्हातारा नदीकाठी आला. पूल मोडला होता. होडीवाला झाडाखाली झोपला होता. दीड मिनिटात तो परिच्छेद संपला. नजर गेल्यापासून एक अख्खा परिच्छेद मी पहिल्यांदाच सलग ऐकला होता.

"पुन्हा लाव," मी म्हणालो. तिने पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा. ते चालू असतानाच तिने बायकोला चहाचं विचारलं.

आता प्रश्न उरला टाइप करण्याचा. अख्खं पुस्तक कोण टाइप करणार? विद्यार्थिनीला क्लासच्या बॅचा होत्या, घर होतं, नवऱ्याच्या शिफ्ट होत्या. ती म्हणाली, थोडं थोडं मी करीन. तेवढ्यात बायको म्हणाली, "अक्षरं बघून बटणं दाबायची ना? ती मी दाबते."

त्या दिवसापासून आमचे रविवार ठरले. सकाळी रोह्याहून गाडी पकडायची, नागोठण्याला चहा प्यायचा, पेणला उतरायचं. दिवाळीच्या सुट्टीत तर आम्ही तिच्या माहेरीच राहिलो आणि रोज क्लासला जायचो. बायको एका बोटाने टाइप करायची. टक्, मग बराच वेळ शांतता, मग पुन्हा टक्. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची असते हे तिला दोन दिवसांनी कळलं. तोवर मशीन सगळी ओळ एकच लांबलचक शब्द समजून वाचायचं. छापील ओळीच्या शेवटी तोडलेला शब्द ती तसाच तोडून घ्यायची, मग मशीनही तो तोडूनच म्हणायचं. बी आणि डीच्या घोळामुळे एका धड्यातल्या 'डॉग'चा 'बॉग' झाला आणि कुत्रा चार पानं दलदल होऊन हिंडत राहिला. मी ऐकून चूक सांगायचो, ती शोधून दुरुस्त करायची. एकदा लाइट गेली आणि अख्ख्या सकाळचं काम गेलं, कारण ते साठवून ठेवायला ती विसरली होती. लाइट येईपर्यंत ती मांडीवर हात ठेवून बसली आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं.

धडा पुरा झाला की विद्यार्थिनी कॉम्प्युटरची वायर टेपरेकॉर्डरला लावून त्याची कॅसेट करून द्यायची. त्या कॅसेटी मी घरी दिवसदिवसभर ऐकायचो. डिसेंबरपर्यंत अर्ध्याहून अधिक पुस्तक माझ्या कानात बसलं. वर्गात मी पुन्हा मोकळा झालो. मुलांना प्रश्न विचारायला लागलो, गोष्ट रंगवून सांगायला लागलो. आपण जिंकलो, असं मला वाटत होतं.

जानेवारीतल्या एका रविवारी धडा ऐकताना मध्येच मशीनने काहीतरी भलतंच म्हटलं. "माय थॅकल आटा." त्यापुढे धड्याचं वाक्य सुरू झालं.

"हे काय टाइप केलंस?" मी म्हणालो. "असा शब्द इंग्रजीत नाही. पान नीट बघ. घाई करू नकोस."

बायको म्हणाली, "बघते." पण त्या दिवशी दुरुस्ती करायला वेळ उरला नाही, गाडी गाठायची होती. कॅसेट तशीच भरून आणली.

दोन दिवसांनी शाळेला सुट्टी होती. बायको नदीकडच्या बाजूला कोणाकडे तरी गेली होती आणि मी घरी एकटा ती कॅसेट ऐकत होतो. ते वाक्य आलं. मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. सवयीने अक्षरं लावायला लागलो, ती सांगायची आणि मी लावायचो तशी. एम, आय. टी, एच, ए, के, एल, ई. ए, टी, ए. मशीनने ती इंग्रजी म्हणून वाचली होती. ती इंग्रजी नव्हतीच.

मी थकले आता.

मी टेप बंद केला आणि ती परत येईपर्यंत तिथेच बसून राहिलो. तिची चप्पल वाजली तेव्हा विचारलं, "ते तू मुद्दाम लिहिलं होतंस?"

कुठलं ते तिने विचारलं नाही. पदराने तोंड पुसल्याचा आवाज आला. "तुम्हाला सांगायला तोंड होत नव्हतं," ती म्हणाली. "म्हटलं, मशीन सांगेल."

"मग नको जाऊया पेणला. मी दुसरं काही बघतो."

"पेणचं काय नाय हो. बोटं दुखतात, आणि राहतात. टायपिंग मला आवडतं." ती माझ्यासमोर जमिनीवर बसली. "पण रोज सकाळी उठून कोणाला तरी खोटं सांगायचं. भाजीवालीला, शेजारणीला, तुमच्या शिपायाला. पोस्टात काय काम असतं म्हणून ती पोस्टातली बाई विचारते. आईला पण नाय सांगितलं मी. तुमच्या सोबत राहून मला कोणी बोलायलाच उरलं नाय."

इतके दिवस मी माझ्या भीतीखेरीज कशाचाच विचार केला नव्हता. तिला इंग्रजी अक्षर ओळखता येत नाही म्हणून मी चिडत होतो, आणि तिने लिहिलेलं मराठी वाक्य मी चूक म्हणून बाजूला सारलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या कोपऱ्यावर मी तिला म्हणालो, "आज आतपर्यंत चल." ती मला मुख्याध्यापकांच्या खोलीत घेऊन गेली. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. ते प्रेमळ वगैरे माणूस नव्हते, पण सरळ होते.

"किती वर्षं झाली?"

"वाचता येत नाही त्याला तीन होतील."

"दहावीचा वर्ग आहे, सर. मुलांचं वर्ष असतं ते." त्यांच्या आवाजात राग होता आणि तो बरोबर होता. "मला आधी सांगितलं असतं तर मार्ग काढला असता. आता मी तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा ते सांगा."

त्यांनी चार दिवस विचार केला, संस्थेच्या लोकांशी बोलले. नोकरी राहिली. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या माणसाला काढता येत नाही, असा कायदा झाल्याचं कोणीतरी त्यांना दाखवलं होतं. पण जूनपासून दहावी माझ्याकडून काढून घेतली आणि आठवीचं तोंडी काम दिलं. मला ते लागलं. बरेच महिने लागत राहिलं.

दहावीच्या वर्गाला मात्र मीच सांगायचं ठरवलं. पुस्तक टेबलावर मिटून ठेवलं आणि म्हणालो की मला दिसत नाही, हे पुस्तक मी ऐकून पाठ केलंय. मग त्या मुलीला उभं राहायला सांगितलं. "त्या दिवशी तू बरोबर होतीस. दोन पानं मला माहीत नव्हती. चूक माझी होती आणि शिक्षा मी तुला केली. मला माफ कर."

मग ती म्हणाली, "माझे बाबा शाळेत यायला निघाले होते, सर. मीच नको म्हटलं."

"का?"

"तुम्ही असं कधी करत नव्हता, म्हणून."

ती खाली बसली. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मी पुन्हा विचारलं नाही. मार्चमध्ये तिची परीक्षा चांगली झाली, एवढं मला तिच्या मैत्रिणींकडून कळलं.

त्या जूनमध्ये आमच्या पेणच्या रविवारांची गरज संपली. आठवीचे धडे सहकारी आळीपाळीने टेपवर वाचून द्यायचे. बायको घरी राहिली. शेजारणींशी उंबऱ्यात उभी राहून तास तास बोलायची, आणि मी आतून ऐकायचो. आपल्या आईकडे जाऊन तिने सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली म्हणे, "गो, मला वाटलंच होतं. जावई पाट चाचपून बसायचा."

पण पावसाळा सरताना बायको एके दिवशी म्हणाली, "मला पेणला जायचंय."

"आता कशाला?"

"क्लासला. ती म्हणते, मराठी टायपिंग शीक, कामं पुष्कळ हायत. अर्ज, पत्रिका, सोसायट्यांच्या नोटिसा. मला दोन्ही हातांनी करता यायला पाहिजे."

ती आठवड्यातून तीन दिवस जायला लागली. वर्षभरात दोन्ही हातांनी करायला शिकली आणि तिथेच कामाला लागली. मशीनला मराठी वाचता येत नव्हतं, त्यामुळे टाइप केलेलं ती स्वतःच मोठ्याने वाचून चुका शोधायची. ती सवय तिला माझ्यामुळे लागली, असं विद्यार्थिनी म्हणायची.

मी पांढरी काठी घेतली. पहिले काही महिने ती नुसतीच दाराआड उभी होती. मग एका शनिवारी, शाळा लवकर सुटल्यावर, मी घरी न जाता काठी टेकत रोह्याच्या स्टँडवर गेलो आणि पेणची गाडी कुठली ते विचारलं. एका बाईने हात धरून पायरीपर्यंत नेलं. कंडक्टर तिकीट द्यायला आला.

"एकटेच?" त्याने विचारलं.

"हो. रामवाडी," मी म्हणालो. "बायको कामाला आहे तिथे. जेवायला चाललोय."

त्याने तिकीट फाडून माझ्या तळहातावर ठेवलं, माझी बोटं त्यावर मिटली आणि घंटा मारली.